लॅब असलेला इंजिनिअरिंगचा कोर्स: पहिल्या आठवड्यापासून काय करायचं

इंजिनिअरिंगला प्रवेश घेतल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत असा कोर्स समोर येतोच, ज्यात आठवड्याला दोन-तीन लेक्चरं असतात आणि जोडीला दोन-तीन तासांचं प्रॅक्टिकल. सर्किट्स, इलेक्ट्रॉनिक्स, मेजरमेंट्स, कंट्रोल, नाव काहीही असो. नवीन मुलं शाळेतल्या सवयीने लेक्चरला मुख्य धरतात आणि प्रॅक्टिकल म्हणजे उरकायचं काम समजतात. माझं मत नेमकं उलट आहे. लेक्चर बुडालं तर नोट्स मिळतात, धडा कळला नाही तर पुन्हा वाचता येतो. लॅबमधलं ते टेबल, ती उपकरणं आणि मदतीला उभे असलेले शिक्षक मात्र त्या तीन तासांपुरतेच आपले असतात. अशा कोर्सचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून आलेले आहेत, आणि लॅबचे बरेचसे मार्क रिपोर्ट लिहायला बसण्याच्या कितीतरी आधी, लॅबच्या दारात पाऊल टाकतानाच ठरलेले असतात.

पुढची उदाहरणं मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधली घेतली आहेत, कारण तिथे चूक लगेच दिसते. शाखा दुसरी असेल तर उपकरणांची नावं बदलतील, पद्धत तीच राहील.

१. कोर्सचं माहितीपत्रक पहिल्याच दिवशी वाचा

पहिल्या लेक्चरला किंवा त्याच्या आधी शिक्षक एक माहितीपत्रक देतात. त्यात अभ्यासक्रम, मार्कांची विभागणी, तारखा आणि नियम असतात. बहुतेक जण त्यातली परीक्षेची तारीख तेवढी बघतात. तुम्ही ते सगळं वाचा, आणि वाचताना पाच प्रश्नांची उत्तरं शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: लॅबला एकूण किती टक्के मार्क आहेत? लॅबमध्ये वेगळं पास व्हावं लागतं का? प्रॅक्टिकल बुडालं तर भरून काढायची सोय आहे का? उशिरा सबमिशन केलं तर किती मार्क कापले जातात? आणि अडचण आली तर कोणाला, कोणत्या मार्गाने कळवायचं?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. समजा लॅबला ३० टक्के मार्क आहेत आणि वर्षभरात १० प्रयोग आहेत. म्हणजे एक प्रयोग ३ टक्क्यांचा. मग मुलं हिशोब करतात की दोन प्रयोग सोडले तरी ६ टक्केच जातील, ते लेखी परीक्षेत भरून काढू. पण अनेक कोर्समध्ये लॅब आणि लेखी परीक्षा या दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, आणि काही ठिकाणी सगळे प्रयोग पूर्ण केल्याशिवाय लेखी परीक्षेलाच बसू देत नाहीत. तिथे हा हिशोब कोसळतो. लेखी परीक्षेत ९० टक्के मिळवूनही कोर्स पुन्हा करावा लागतो.

वेळेचा अंदाजही याच दिवशी घ्या. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, लेक्चर, लॅब आणि घरचा अभ्यास सगळं धरून. ६ क्रेडिटचा कोर्स म्हणजे १५० ते १८० तास. सत्र १५ आठवड्यांचं असेल तर आठवड्याला १० ते १२ तास. त्यातले ६ तास लेक्चर आणि लॅबमध्ये गेले, तरी ४ ते ६ तास तुमचे स्वतःचे लागणारच. तुमच्या विद्यापीठाची क्रेडिटची व्याख्या वेगळी असू शकते, पण हा हिशोब एकदा करून बघाच. आठवड्याच्या वेळापत्रकात हे तास आधीच राखून ठेवले नाहीत तर ते सबमिशनच्या आदल्या रात्री एकत्र वसूल होतात.

२. लॅबला जायच्या आधीची तयारी

बहुतेक कोर्समध्ये प्रयोगाआधी करायचा गृहपाठ असतो, ज्याला सगळे प्रीलॅब म्हणतात. काही शिक्षक तो दारातच तपासतात आणि केला नसेल तर आत घेत नाहीत. हा नियम कडक वाटतो, पण तो योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. तयारी न करता आलेला विद्यार्थी पहिला तास पुस्तिका वाचण्यात घालवतो, दुसरा जोडणीत, आणि तिसऱ्या तासात शेजारच्या टेबलावरची रीडिंग्ज उतरवतो. त्याच्यासोबत त्याच्या पार्टनरचाही वेळ जातो.

तयारी म्हणजे नेमकं काय, ते एका साध्या प्रयोगावरून पाहू. लो-पास फिल्टरचा (कमी फ्रीक्वेन्सीचे सिग्नल जाऊ देणाऱ्या आणि जास्तीचे दाबणाऱ्या सर्किटचा) प्रयोग आहे: १ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. घरीच गणित करा. कटऑफ फ्रीक्वेन्सी म्हणजे १ भागिले (२π गुणिले आर गुणिले सी). उत्तर येतं सुमारे १५९० हर्ट्झ. या फ्रीक्वेन्सीला आउटपुट इनपुटच्या ०.७०७ पट हवं आणि ४५ अंश मागे पडलेलं हवं. म्हणजे इनपुट २ व्होल्ट असेल तर आउटपुट साधारण १.४१ व्होल्ट. हा आकडा वहीत लिहून ठेवा.

मग रीडिंग्ज कुठे घ्यायची ते ठरवा. १००, २००, ५००, १०००, २०००, ५०००, १०,००० हर्ट्झ, अशी १-२-५ ची चढण घेतली तर लॉग स्केलच्या ग्राफवर बिंदू जवळजवळ सारख्या अंतरावर पडतात. आणि जिथे वक्र वळतो तिथे, म्हणजे १ ते २.५ किलोहर्ट्झच्या दरम्यान, चार-पाच रीडिंग्ज जास्त घ्या. रकान्यांचं टेबल घरूनच आखून न्या: फ्रीक्वेन्सी, इनपुट, आउटपुट, गुणोत्तर, फेज. गुणोत्तराचा रकाना लॅबमध्येच भरत गेलात तर चुकलेलं रीडिंग तिथल्या तिथे ध्यानात येतं आणि पुन्हा घेता येतं. घरी जाऊन कळलं तर काही उपयोग नाही.

सर्किट डायग्राम काढताना आयसीचे पिन नंबरही लिहा. ७४१ ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा आयसी) असेल तर पिन २ आणि ३ इनपुट, ६ आउटपुट, ७ ला पॉझिटिव्ह सप्लाय आणि ४ ला निगेटिव्ह. पिन नंबर नसलेल्या डायग्रामवरून जोडणी करायला गेलं की दर तारेला डेटाशीट उघडावी लागते.

३. सुरक्षेचे नियम

पहिल्या प्रॅक्टिकलला सुरक्षेची माहिती देतात आणि बहुतेक ठिकाणी सही घेतात. ही सही झाल्याशिवाय उपकरणांना हात लावता येत नाही, म्हणून पहिला दिवस बुडवू नका.

मेनच्या फ्रीक्वेन्सीचा, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झचा, सुमारे १ मिलिअँपिअर करंट शरीरातून गेला तर झिणझिणतं. १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. १०० मिलिअँपिअरच्या आसपास हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणजे अगदी थोडा वाटणारा करंटही माणसासाठी जीवघेणा ठरतो. म्हणून नियम आहेत: लॅबमध्ये एकट्याने काम करायचं नाही, जोडणी करताना सप्लाय बंद ठेवायचा, अंगठी, कडं, लोंबती साखळी काढून ठेवायची, केस बांधायचे, बंद बूट घालायचे. आत गेल्यावर सगळा वीजपुरवठा तोडणारं लाल बटण कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या, आणि शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी ते दाबायचं हे पक्कं लक्षात ठेवा.

खाणं-पिणं आत न्यायला बंदी असते. पाणी सांडेल हे त्याचं एक कारण. दुसरं असं की सोल्डरमध्ये अनेकदा शिसं असतं, ते बोटांना लागतं आणि त्याच बोटांनी आपण खातो. सोल्डरिंग केल्यावर हात साबणाने धुवा.

४. टेबलाशी बसल्यावर

वेळेवर पोहोचा. सुरुवातीची दहा मिनिटं शिक्षक त्या दिवशीच्या प्रयोगातली खाच सांगतात, जी पुस्तिकेत नसते.

सगळ्यात आधी तुमच्या हातातल्या पार्ट्सची खरी किंमत मोजा. १ किलो-ओहमच्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टी असेल तर तो ५ टक्के कमी-जास्त असू शकतो, म्हणजे ९५० ते १०५० ओहम. कपॅसिटर १० टक्क्यांचा असणं अगदी नेहमीचं. मोजलेल्या किमती वहीत लिहा. रिपोर्टच्या वेळी त्या फार कामी येतात. रेझिस्टन्स मोजताना पार्ट सर्किटमधून बाहेर काढलेला असावा, निदान सप्लाय तरी बंदच हवा.

पॉवर सप्लाय जोडण्याआधी त्याची करंट लिमिट खाली आणून ठेवा. साध्या सर्किटला ५० मिलिअँपिअर पुरतात. जोडणी चुकली तरी सहसा पार्ट जळत नाही, सप्लायचा दिवा तेवढा लागतो. पाव वॉटच्या १०० ओहम रेझिस्टरवर १० व्होल्ट दिले तर त्यात १ वॉट शक्ती खर्च होते, त्याच्या क्षमतेच्या चौपट. तो आधी वास सोडतो, मग रंग. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची बाजू उलटी झाली तर तो फुगतो, क्वचित फुटतो. निगेटिव्ह पायाकडची पट्टी दोनदा बघा.

मल्टिमीटरचे फ्यूज कुठल्याही लॅबमध्ये एकाच कारणाने सारखे उडतात. कोणीतरी करंट मोजतं, लाल वायर करंटच्या सॉकेटमध्येच राहते, आणि पुढचा त्याच वायरने व्होल्टेज मोजायला जातो. करंटच्या सॉकेटचा अंतर्गत रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असल्याने तो थेट शॉर्ट होतो. मीटर हातात घेतला की आधी वायरी कुठे आहेत ते बघायची सवय लावून घ्या, आणि करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टेजच्या सॉकेटमध्ये परत लावा. फ्यूज उडालाच तर लॅब असिस्टंटला सांगा. गुपचूप मीटर रॅकमध्ये परत ठेवला तर पुढच्या बॅचचा कोणीतरी शून्य रीडिंगमागे अर्धा तास डोकं फोडत बसतो.

सीआरओच्या, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, बाबतीत दोन गोष्टी. प्रोबचा काळा क्लिप आतून अर्थिंगला जोडलेला असतो. तो सर्किटमधल्या कुठल्याही बिंदूला लावला की तो बिंदू अर्थ होतो, आणि दोन प्रोबचे क्लिप दोन वेगळ्या बिंदूंना लावले तर ते दोन बिंदू एकमेकांशी शॉर्ट होतात. रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघायचं असेल आणि त्यातलं एकही टोक ग्राउंड नसेल, तर दोन चॅनल वापरा आणि वजाबाकी करा. दुसरी गोष्ट: प्रोबवर १ आणि १० असं बटण असतं, आणि सीआरओच्या मेनूतही तीच सेटिंग असते. दोन्ही जुळत नसतील तर रीडिंग बरोबर दहापट चुकतं. १० वर ठेवलेला प्रोब सीआरओच्या पुढच्या बाजूच्या चौकोनी सिग्नलला लावून, प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून कोपरे काटकोनी करून घ्या. एक मिनिटाचं काम आहे.

फंक्शन जनरेटरवर १ व्होल्ट लावला आणि सीआरओवर २ दिसतो, हे पाहून दर वर्षी नवीन मुलं गोंधळतात. जनरेटर बिघडलेला नसतो. त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स ५० ओहम असतो आणि समोरही ५० ओहमचा लोड आहे असं धरून तो आकडा दाखवतो. सीआरओचा रेझिस्टन्स मात्र १ मेगा-ओहम, त्यामुळे आतल्या ५० ओहमवर काहीच पडत नाही आणि पूर्ण व्होल्टेज बाहेर येतं, दुप्पट. मेनूमध्ये लोड बदलायची सोय असते. नसेल तर जनरेटरवरचा आकडा विसरा आणि इनपुट नेहमी सीआरओवरच मोजा.

५. सर्किट चालत नसेल तेव्हा

सर्किट पहिल्या फटक्यात चाललं नाही तर त्यात कमीपणा काही नाही. लॅब त्यासाठीच असते. पण हात वर करण्याआधी काही गोष्टी स्वतः तपासा. सप्लायचं व्होल्टेज सप्लायच्या डिस्प्लेवर बघू नका, थेट आयसीच्या पिनवर मोजा. ब्रेडबोर्डच्या कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांवर मध्येच तुटक असतात, त्यामुळे अर्ध्या बोर्डाला सप्लाय मिळतो आणि अर्ध्याला नाही. सगळ्या उपकरणांचे ग्राउंड एकत्र जोडलेत का ते बघा. आयसी बोर्डाच्या मधल्या खाचेवर आडवा बसलाय ना, की दोन्हीकडच्या पिना एकाच ओळीत शॉर्ट झाल्यात? मग इनपुटपासून आउटपुटकडे एकेक बिंदू मोजत जा. जिथपर्यंत रीडिंग गणिताशी जुळतं तिथपर्यंत सर्किट ठीक, जिथे तुटतं तिथे चूक.

एवढं केल्यावर मदत मागा, आणि मागताना नीट मागा. "सर, चालत नाहीये" म्हटलं तर सरांना सगळं पहिल्यापासून बघावं लागतं. त्याऐवजी असं सांगा: "मॅडम, पिन ७ वर +१५ आणि पिन ४ वर −१५ बरोबर येतायत, इनपुटला अर्धा व्होल्ट आहे, पण पिन ६ +१३ वर चिकटलीय आणि इनपुट बदललं तरी हलत नाही." हे ऐकल्यावर कोणत्याही शिक्षकाची नजर आधी फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत जाणाऱ्या, रेझिस्टरकडे जाईल, कारण फीडबॅक तुटला की ऑप-अँप असाच एका टोकाला जाऊन बसतो. दोन मिनिटांत उत्तर मिळतं. शिवाय व्हायवाला हाच विद्यार्थी शिक्षकांच्या लक्षात राहिलेला असतो, चांगल्या अर्थाने.

६. वही आणि खरे आकडे

लॅबची वही पेनने लिहायची, पानांना नंबर आणि तारीख टाकायची, पान फाडायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. व्हाइटनर नको. कारण साधं आहे: "चुकीचं" म्हणून खोडलेलं रीडिंग बऱ्याचदा बरोबर निघतं. रीडिंग आधी सुट्या कागदावर घेऊन मग वहीत सुबक उतरवायची पद्धत अनेकांना लागलेली असते. ती सोडा. उतरवताना आकडे चुकतात, आणि त्या कागदावर लिहिलेल्या बारीकसारीक नोंदी, कुठली रेंज होती, कुठला मीटर होता, त्या वहीत येतच नाहीत. वही खराब दिसली तर दिसू द्या. निघण्याआधी शिक्षकांची सही घ्या. सहीशिवायची रीडिंग्ज बहुतेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत.

मायकेल फॅरडेने आपल्या प्रयोगांच्या डायरीत परिच्छेदांना सलग क्रमांक दिले होते आणि ते १६ हजारांच्या पुढे गेले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या घालून त्याने इंडक्शन पाहिलं, त्याची नोंदही त्याने अशीच त्या त्या वेळी केलेली आहे. कंपास सुई बॅटरी जोडताना आणि तोडताना हलते, मध्ये स्थिर राहते, ही बारीक गोष्ट त्यात टिपलेली आहे. अपेक्षेशी जुळत नाही म्हणून त्याने ती सोडून दिली असती, तर सगळा शोधच हातातून गेला असता.

आता रीडिंग जुळवण्याबद्दल. वरच्या फिल्टरची कटऑफ १५९० हर्ट्झ यायला हवी आणि तुम्हाला मिळाली १४८०. मनात येतं की सगळ्यांची १५९० आली असेल, आपलीच चुकली. मग आकडे थोडे सरकवले जातात. इथे थांबा आणि गणित करा. रेझिस्टर ५ टक्के आणि कपॅसिटर १० टक्के कमी-जास्त असू शकतो. दोन्ही जास्त असले तर कटऑफ सुमारे १३८० पर्यंत खाली येते, दोन्ही कमी असले तर १८६० पर्यंत वर जाते. १४८० त्यात आरामात बसते. तुमचं रीडिंग खरं आहे. पार्ट्सची सुरुवातीला मोजलेली किंमत घालून पुन्हा गणित केलंत तर ते जुळेलही. उलट बरोबर १५९० आणणाऱ्या रिपोर्टकडे अनुभवी शिक्षक संशयाने बघतात.

हे फक्त विद्यार्थ्यांचं होत नाही. रॉबर्ट मिलिकनने तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा चार्ज मोजला. हवेच्या चिकटपणाचा त्याने घेतलेला आकडा किंचित चुकीचा होता, त्यामुळे त्याचं १९१३ चं उत्तर आजच्या किमतीपेक्षा सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी आलं. रिचर्ड फाइनमनने १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात सांगितलं की नंतरच्या लोकांची उत्तरं एकदम खऱ्या किमतीवर गेली नाहीत, तर एकेक पायरी चढत गेली. उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की लोक आपल्या प्रयोगात चूक शोधायचे, जवळपास आलं की शोधायचे नाहीत. मोठ्या शास्त्रज्ञांनाही हा मोह सुटला नाही, म्हणून नियमच हवा: जे आलं ते लिहायचं. विद्यापीठात बनावट रीडिंग हा कॉपीइतकाच गंभीर गुन्हा मानतात, आणि त्यावर त्या प्रयोगाला शून्यापासून कोर्समध्ये नापास करण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. न जुळणाऱ्या खऱ्या रीडिंगला मात्र, कारण नीट शोधलं तर, पूर्ण मार्क मिळतात.

७. रिपोर्ट

पुस्तकातली थिअरी दोन पानं उतरवून काढू नका. ती तपासणाऱ्याला माहीत असते. त्याला बघायचं असतं ते तुम्ही काय केलं, काय आलं आणि त्याचा अर्थ काय लावला. ग्राफला अक्षांची नावं आणि एकक हवीत, फ्रीक्वेन्सीचा अक्ष लॉगचा हवा. बिंदू मोजलेले आणि रेघ गणिताची, असं एकाच ग्राफवर दाखवलं तर निम्मी चर्चा तिथेच होते. तीन आकडी मीटरने मोजून उत्तर आठ दशांशांपर्यंत लिहू नका.

चर्चेत "मानवी चुकीमुळे फरक आला" हे वाक्य लिहू नका. त्यात काहीच माहिती नाही. फरक का आला ते आकड्यांत सांगा. समजा १ मेगा-ओहमचे दोन रेझिस्टर १० व्होल्टवर सिरीजमध्ये लावलेत आणि मधे ५ व्होल्ट हवेत, पण मीटर ४.७६ दाखवतोय. मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगा-ओहम आहे. तो खालच्या रेझिस्टरला समांतर आला की त्याचे ०.९०९ मेगा-ओहम होतात, आणि गणिताने बरोबर ४.७६ येतात. असं एक वाक्य लिहिता आलं तर तो रिपोर्ट वर्गातल्या बहुतेकांपेक्षा पुढे गेला.

रिपोर्ट लॅबच्या दुसऱ्या दिवशीच लिहायला घ्या. रीडिंग घेताना काय झालं ते तेव्हा डोक्यात ताजं असतं.

८. एकत्र काम, कॉपी आणि एआय

लॅबमध्ये जोडीने काम असतं, म्हणून गोंधळ होतो. सर्वसाधारण नियम असा: रीडिंग्ज जोडीच्या सामायिक, पण रिपोर्ट प्रत्येकाचा स्वतःचा. ग्राफ, गणित, चर्चा आपलं आपण करायचं. काही कोर्समध्ये जोडीला मिळून एकच रिपोर्ट असतो. तुमच्याकडे काय आहे ते माहितीपत्रकात बघा. मित्राशी चर्चा करायला कोणी मनाई करत नाही. त्याची फाइल समोर उघडून लिहिणं ही कॉपी, आणि आपली फाइल त्याला पाठवणंही कॉपीच. शिक्षा दोघांना होते. "फक्त बघायला हवीय" म्हणणाऱ्याला फाइल देऊ नका. त्याच्या शेजारी बसून समजावून सांगा, ते चालतं. मागच्या बॅचचे रिपोर्टही यातच आले. पुस्तिका तीच असली तरी शिक्षक पार्ट्सच्या किमती बदलतात, आणि जुन्या किमतींचा रिपोर्ट आला की पहिल्याच टेबलावरून कळतं.

एआय साधनांबद्दल प्रत्येक कोर्सचा नियम वेगळा आहे. कुठे पूर्ण बंदी, कुठे भाषा सुधारायला परवानगी, कुठे वापर केला तर तसं लिहायची अट. माहितीपत्रकात स्पष्ट नसेल तर शिक्षकांना ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. माझा सल्ला असा की प्रीलॅबचं गणित आणि चर्चा यांसाठी ते वापरूच नका. लॅबमध्ये हातात तार असते तेव्हा ते तुमच्याऐवजी विचार करायला नसतं.

पार्टनर काम करत नसेल तर सत्र संपेपर्यंत गप्प बसू नका. पहिल्या दोन-तीन प्रयोगांनंतर शिक्षकांना सांगितलं तर जोड्या बदलता येतात. आणि तुम्हीच सगळी जोडणी करत असाल तर आलटून पालटून करा: एका प्रयोगात एकाने जोडणी आणि दुसऱ्याने नोंदी, पुढच्याला उलट. लॅबची परीक्षा एकेकट्याची असते.

९. गैरहजेरी, उशीर, मार्कांची तक्रार

आजारी पडलात तर लॅबच्या आधी ईमेल करा, नंतर नाही. नाव, रोल नंबर, बॅच, प्रयोग क्रमांक आणि एका ओळीत कारण, तेवढं पुरतं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागणार असेल तर किती दिवसांत द्यायचं ते बघा. बुडालेलं प्रॅक्टिकल भरून काढायला सत्राच्या शेवटी बहुधा एकच दिवस असतो आणि त्या दिवशी गर्दी उसळते. त्याऐवजी त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर बसता येईल का ते विचारा. टेबल रिकामं असेल तर बरेच शिक्षक हो म्हणतात, पण न विचारता दुसऱ्या बॅचमध्ये जाऊन बसू नका.

उशिराच्या सबमिशनला दर दिवशी ठरावीक टक्के मार्क कापणं बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि काही दिवसांनंतर शून्य. अर्धवट रिपोर्ट वेळेत देणं आणि पूर्ण रिपोर्ट तीन दिवस उशिरा देणं, यातलं काय फायद्याचं, ते तुमच्या कोर्सच्या नियमात आकडे घालून बघा. बऱ्याचदा अर्धवटच जास्त मार्क देतो. अपंगत्व, दीर्घ आजार किंवा इतर कारणाने जास्त वेळ किंवा वेगळी सोय हवी असेल तर पहिल्या आठवड्यातच विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयात अर्ज करा. मंजुरीला वेळ लागतो आणि ती सहसा मागच्या तारखेने लागू होत नाही.

मार्क चुकीचे वाटले तर परत तपासणीसाठी ठरावीक मुदत असते, अनेकदा एक आठवडा. लेखी द्या: कोणता प्रश्न, तुमचं उत्तर काय, ते बरोबर का. "माझ्या मित्राला जास्त मिळाले" हे कारण चालत नाही. आणि पुन्हा तपासताना मार्क कमीही होऊ शकतात, हे गृहीत धरूनच अर्ज करा.

१०. लॅबची परीक्षा आणि व्हायवा

शेवटच्या परीक्षेत चिठ्ठीवर एक प्रयोग येतो आणि तो एकट्याने, दिलेल्या वेळेत करायचा असतो. तयारीसाठी वही काढा, प्रत्येक प्रयोगाचा डायग्राम न बघता काढून बघा, आणि सत्राच्या शेवटी लॅब मोकळ्या वेळात उघडी ठेवत असतील तर जे प्रयोग पार्टनरने जोडले होते तेवढे स्वतः जोडून या. व्हायवाचे प्रश्न बहुतेक तुमच्याच वहीतून निघतात: हे रीडिंग इथे का घसरलं, हा रेझिस्टर दुप्पट केला तर काय होईल, ही रेंज का निवडली. उत्तर येत नसेल तर जेवढं माहीत आहे तिथून विचार मोठ्याने मांडा. परीक्षक अर्ध्या वाटेवर हात देतात.

परीक्षा झाली की घेतलेले पार्ट्स आणि किट परत करून त्याची नोंद करून घ्या, कारण थकबाकी राहिली तर काही विद्यापीठं निकाल अडवून ठेवतात. अंतिम यादी लागण्याआधी प्रत्येक प्रयोगाचे मार्क तुमच्या सही घेतलेल्या पानांशी एकदा ताडून बघा, आणि एखादा प्रयोग "गैरहजर" म्हणून पडला असेल तर तेच पान घेऊन मुदतीच्या आत लॅब इन्चार्जना भेटा.